वाट्याला आलेली चिबड

धाराशिवहून परंड्याला जायचे म्हणजे येडशी, पांगरी, बार्शी असा रस्ता. येडशी सोडली की रामलिंगाच्या जंगलाच्या कडेने घाट उतरतो आणि गाडीतली मुले दरवेळी तोच प्रश्न विचारतात, "आता पाणी कुठल्या बाजूला जाणार?" त्याला कारण आहे. या बालाघाटच्या माथ्यावर पावसाची वाटणी होते. पठारावरचा पाऊस तेरणा, मांजरा करत गोदावरीला मिळतो. घाटाखालचा सीनेत उतरतो, सीना भीमेत आणि भीमा कृष्णेत. आमच्या शहरात नळाला येणारे पाणी उजनीचे, म्हणजे तेही याच भीमेचे, मोठ्या जलवाहिनीतून उलटे वर चढवून आणलेले. पाणी आपल्या मनाने खाली जाते आणि माणसाच्या मनाने वर येते, हे मुलांना फार गमतीचे वाटते.

परंड्यात किल्ल्यापाशी थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही, हा आमच्या घरचा नियम. भुईकोट किल्ला, भोवती खंदक, आत जुनी जामा मशीद. विजापूरला पाहतो ती 'मलिक-ए-मैदान' तोफ एके काळी इथे होती आणि १६३२ मध्ये ती इथून विजापूरला गेली, हे सांगताना अम्मींचा आवाज असा होतो की जणू तोफ त्यांच्या अंगणातूनच नेली. तासभर किल्ल्यात, मग चहा, मग अम्मींचे माहेर.

गावाचे नाव लिहीत नाही. नातेवाइकांना छापील कागदावर यायला आवडत नाही. एवढे सांगितले म्हणजे पुरे, की परंडा तालुक्यात खासापुरी, चांदणी, सीना-कोळेगाव अशी धरणे आहेत आणि त्या भागातल्या एका कालव्याखाली नानांची जमीन होती. ही हकीकत त्या जमिनीतल्या सर्वांत खालच्या दोन एकरांची आहे.

कालवा आला तेव्हा नानांनी पेढे वाटले होते. त्याआधी शाळू, करडई, हरभरा आणि पावसाची वाट पाहणे, एवढीच शेती. पाणी आल्यावर ऊस आला, भुईमूग आला, घरावर पत्रे आले. पाच-सहा वर्षे गेली आणि खालच्या तुकड्यात नांगर रुतू लागला. दिवाळी संपली तरी पाय टाकला की पाणी वर यायचे. ज्वारी पिवळी पडली, मग उगवेनाशी झाली. आमच्याकडे अशा जमिनीला चिबड म्हणतात. नानांनी एका कार्यालयात अर्जांवर अर्ज केले. उत्तर आले नाही. "पाणी दिलं आणि जमीन नेली," एवढेच ते शेवटपर्यंत म्हणत राहिले.

यात कुणाची जादू नव्हती. आपल्या भागात वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली बेसॉल्टचा कातळ. कालव्यातून झिरपणारे पाणी आणि वरच्या उसाला मोकाट दिलेले पाणी मातीतून खाली जाते, कातळावर अडते आणि मग उताराने आडवे सरकत राहते. जिथे कातळ वर येतो किंवा जमीन खोलगट होते तिथे ते बाहेर पडते. नानांचे दोन एकर हे वरच्या सगळ्या शिवाराचे परसदार होते. न्हाणीचे पाणी जसे परसात जाते तसे अख्ख्या शिवाराचे पाणी त्यांच्या तुकड्यात येत होते.

नाना गेल्यावर वाटण्या झाल्या. आपल्याकडे अजूनही पुष्कळ घरांत बहिणीचा हिस्सा 'माफ' करून घेतात. शरीयतने दिलेला हिस्सा, आणि बहिणीकडून एक सही किंवा एक हसू घेऊन तो मिटवायचा. आमच्या मामूंनी तसे केले नाही, ही त्यांची मोठी गोष्ट. ते अम्मींना म्हणाले, "आपा, तुमारा हिस्सा मेरे सर पो नको." आणि हिस्सा दिला. मात्र त्या हिश्शात चिबड आली. मामूंनी मुद्दाम दिली की नकाशावर तशी रेघ पडली, यावर आमच्या घरात वीस वर्षे चर्चा झाली आणि अम्मींनी तिच्यात एकदाही भाग घेतला नाही.

पिकाला निरुपयोगी झालेली ती जमीन मग आपल्या मार्गाला लागली. आधी लव्हाळा आला, मग माणसाच्या उंचीचे पाणकणीस. मधोमध गुडघाभर पाण्याचे डबके झाले, ते पसरत पसरत तळे झाले. आमची मुले लहान असताना हिवाळ्यात तिथे इतके पक्षी असत की मुमानी कंटाळून म्हणायच्या, "हरभरा पेरला काय न पेरला काय, सारखंच." लांब लाल पायांचे शेकाट्ये, चपट्या चोचीचे थापटे, हळदीकुंकू बदके, जांभळी पाणकोंबडी. कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा पक्षी तर शेकड्याने. त्याला मराठीत वारकरी म्हणतात हे कळल्यावर मुलांना फार आनंद झाला होता. पंढरपूर तिथून फार लांब नाही. एकदा चक्रवाकांची जोडी उतरली होती. तांबूस-केशरी रंगाचे हे बदक हिमालयापलीकडून येते आणि बसते कुठे, तर नानांच्या बुडालेल्या ज्वारीवर.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. दोन्ही भाषांत सारखाच चालणारा एक शब्द आम्ही मुलांना देतो, 'दलदल'. दोन्हीकडे त्याचा अर्थ रुतणे, फसणे, वाईट अवस्था. त्या चिबडीवर उभे राहून आम्हाला पहिल्यांदा वाटले की या शब्दावर थोडा अन्याय झाला आहे.

२०१६ चा उन्हाळा आमच्या जिल्ह्यात कुणी विसरणार नाही. शेजारच्या लातूरला त्या एप्रिलमध्ये रेल्वेने पाणी आले. कालव्याला आवर्तन नव्हते, उसाची चिपाडे झाली होती. चिबड आटली. आम्ही गेलो तेव्हा तळ्याच्या जागी भेगा होत्या आणि भेगांच्या काठांवर पांढरा थर. मुलीने बोट लावून चाटून पाहिले आणि थुंकली. अम्मी खाली बसल्या, चिमूटभर उचलून बराच वेळ पाहत राहिल्या. बांधावर नानींची विहीर आहे. त्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजेनाशी झाली होती. साबणाला फेस येत नव्हता. मुमानी स्वयंपाकाचे पाणी टँकरचे वापरत होत्या आणि विहिरीचे फक्त भांड्यांना.

तेव्हा आम्हाला कळले की पाणथळ हिरवी दिसते म्हणून निरोगी असतेच असे नाही.

हिशोब सोपा आहे, पाचवीतल्या मुलालाही जमेल. समजा कालव्याच्या एक लिटर पाण्यात पाव ग्रॅम क्षार आहे. चवीला ते गोडच लागते. एका एकराला वर्षभरात मीटरभर खोलीचे पाणी दिले तर ते झाले साधारण चाळीस लाख लिटर. चाळीस लाखांना पाव ग्रॅमने गुणले की एक टन. म्हणजे एका एकरात वर्षाला एक टन क्षार आपण स्वतःच्या हाताने ओतला. मोकाट पाण्यावरच्या उसाला तर याहून जास्त पाणी लागते. पीक पाणी पिते, क्षार जवळपास सगळा मातीतच ठेवते. वर ऊन आहे. मे महिन्यात आपल्याकडे उघड्या पाण्याची दिवसाला सुमारे सेंटिमीटरभर वाफ होते. वाफ क्षार घेऊन जात नाही. जास्तीचे पाणी तो क्षार धुऊन खालच्या शेतात नेते. शिवाराच्या शेपटाला जे तळे असते त्याच्याकडे सगळ्या शेतांचा उरलेला क्षार येतो, पोत्यांनी टाकलेल्या युरियाचा उरलेला अंश येतो, फवारणीतला विषाचा वाटा येतो.

हे आजचे नाही. पुणे जिल्ह्यात नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि पंचवीस वर्षांच्या आत बारामतीकडच्या जमिनी खारवू लागल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका काढली. म्हणजे आमच्या नानांच्या जन्माआधीच हा रोग ओळखला गेला होता. पुढे सांगली-कोल्हापुरात उसाच्या पट्ट्यात तो मोठ्या प्रमाणावर दिसला. फक्त त्या सगळ्या लिखाणात प्रश्न जमिनीचा असतो: ही जमीन परत कशी मिळवायची? पाणी जिथे जाऊन साचले तिथे काय झाले, तिथे कोण राहायला आले, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही.

तो प्रश्न आम्हाला फार दूर घेऊन गेला, मिसरला. कैरोच्या नैर्ऋत्येला फय्यूम नावाचा सुपीक खोलगट प्रदेश आहे. त्याच्या तळाशी समुद्रसपाटीच्या चाळीस मीटरहून अधिक खाली एक सरोवर आहे, त्याचे नाव बिरकत कारून. सूरह कससमधल्या ज्या कारूनला त्याच्या घरासकट जमिनीने गिळले, त्याच्याशी तिथले लोक हे नाव जोडतात. लोकांची समजूत आहे, त्याहून जास्त म्हणता येत नाही. प्राचीन काळी हे मोठे गोड्या पाण्याचे सरोवर होते, नाईलच्या पुराने भरायचे. आता त्यात येणारे बहुतेक पाणी फय्यूमच्या शेतांचा निचरा आहे. दोन मोठे नाले शेतांचे वापरून झालेले पाणी आणून ओततात. बाहेर जायला वाट नाही. येते ते फक्त वाफ होऊन जाते. सरोवर खारट होत गेले, नाईलचे गोड्या पाण्यातले मासे त्यात टिकेनासे झाले, म्हणून गेल्या शतकात समुद्रातले मासे आणून सोडले गेले. काही दशके त्यांवर मासेमारी चालली. अलीकडे परजीवींनी आणि प्रदूषणाने तीही कोसळली.

कारून भरून वाहू लागेल आणि काठची शेते बुडतील म्हणून १९७३ पासून निचऱ्याचे काही पाणी वाळवंटातल्या वादी अल-रय्यान नावाच्या कोरड्या खोऱ्यात सोडले. जिथे वाळूशिवाय काही नव्हते तिथे दोन तळी झाली, मध्ये धबधबा झाला, पक्षी आले, पाठोपाठ सहलीच्या बसही आल्या. २०१२ मध्ये कारून आणि रय्यान ही दोन्ही ठिकाणे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत गेली. आणि आता खालचे तळे आटते आहे, कारण वरचे पाणी नव्या शेतीला आणि मत्स्यतळ्यांना लागते. निचऱ्यावर जगणाऱ्या तळ्याचे असे असते. त्याचा पाण्यावर हक्क नसतो. वरच्याच्या ताटात उरले तर त्याला मिळते.

रामसर हे इराणमधले कॅस्पियन समुद्राकाठचे गाव. तिथे १९७१ मध्ये २ फेब्रुवारीला पाणथळांचा करार झाला, म्हणून तो दिवस आपल्या शाळांतही कधीकधी साजरा होतो. महाराष्ट्रातून या यादीत पहिले नाव लागले ते नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरचे, २०२० मध्ये जाहीर झाले. तेही काही निसर्गाने केलेले सरोवर नाही. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे ब्रिटिश काळात सिंचनासाठी बांधलेला बंधारा आहे. त्याच्या मागे गाळ साचला, बेटे झाली, पक्षी आले. माणसाने कशासाठी बांधले आणि पाखरांनी त्याचे काय केले, याचा मेळ बसत नाही.

आमची चिबड अर्थात कुठल्याच यादीत नाही. २०१७ च्या पाणथळ नियमांत पाणथळीची व्याख्या आहे, आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेली तळी किंवा भातखाचरे तिच्यातून वगळली आहेत. आमच्या चिबडीबद्दल गंमत अशी की ती माणसाने केली हे खरे, पण मुद्दाम कुणीच केली नाही.

आता खरा पेच सांगतो. गेल्या काही वर्षांत वरच्या शिवारात ठिबक आले. पाट गेले, काळ्या नळ्या आल्या. रात्री दारे धरायला जाणारी माणसे आता वॉल्व फिरवून घरी येतात. एका चारीची गळती दुरुस्त झाली. यात वाईट काय आहे? काहीच नाही. पाण्याची उधळपट्टी करू नका, वजू करतानासुद्धा नळ मोकळा सोडू नका, हे आम्ही घरी आणि वर्गात सांगत आलो. आणि त्याच काटकसरीने आमची चिबड आक्रसू लागली. कारण ती उधळपट्टीवर जगत होती.

ती नुसती लहान झाली असती तर एक वेळ चालले असते. ठिबकमुळे खाली येणारे पाणी कमी झाले, पण जे येते त्यात क्षार दाट आहे, कारण त्याला पातळ करणारे फुकटचे पाणी राहिले नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात सॉल्टन समुद्र म्हणून सरोवर आहे. १९०५ मध्ये कोलोरॅडो नदीचे पाणी कालवा फोडून त्या खोलगट भागात शिरले आणि पुढे शंभर वर्षे ते शेतांच्या निचऱ्यावर टिकले. २००३ मध्ये करार झाला, शेतकऱ्यांनी पाणी वाचवायचे आणि वाचलेले पाणी शहरांना द्यायचे. पाणी खरोखर वाचले. सरोवर मागे सरले, उरलेले पाणी समुद्राच्या जवळपास दुप्पट खारट झाले आणि उघड्या पडलेल्या तळाची धूळ काठच्या गावांतल्या मुलांच्या छातीत जाऊ लागली. त्याच राज्यात केस्टरसन नावाच्या ठिकाणी शेतनिचऱ्याचे पाणी पक्ष्यांच्या अभयारण्यात सोडले होते. १९८३ मध्ये तिथे पक्ष्यांच्या अंड्यांत व्यंग असलेली पिल्ले सापडली. दोष सेलेनियमचा; तिथल्या मातीतून धुऊन आलेला, पाण्यात थोडा, शेवाळात जास्त, किड्यांत आणखी जास्त आणि पक्ष्यांत सर्वांत जास्त. त्या अंड्यांत वारकरी पक्ष्याच्या जातीचीही अंडी होती, शेकाट्याच्या जातीचीही. ते तळे पुढे बुजवावे लागले. प्रत्येक मातीचे विष वेगळे असते, आमच्या काळ्या मातीला केस्टरसन म्हणण्याचे काही कारण नाही. तरी ते वाचल्यापासून पाणकणसात घरटे दिसले की आनंदाच्या जागी आधी पोटात गोळा येतो.

आमच्याकडे विषापेक्षा खताचा परिणाम जास्त दिसतो. युरियाचे ४५ किलोचे पोते स्वस्त मिळते, म्हणून हात सैल सुटतो. उरलेला नत्र पाण्याबरोबर खाली येतो आणि पाणकणसाला मेजवानी होते. पाच वर्षांत त्याने निम्मे उघडे पाणी गिळले. दाट पाणकणसात पाणकोंबडी राहते, पण शेकाट्याला आणि तुतवारीला उघडा चिखल लागतो, बदकाला उघडे पाणी लागते. दुरून पाहणाऱ्याला वाटते, वा, किती हिरवेगार. जवळ गेले की वास येतो.

दोन वर्षांपूर्वी मामूंच्या धाकट्या मुलाने विषय काढला. सांगलीकडे त्याने पाहिले होते: जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालतात, निचरा नाल्यात काढतात, दोन-तीन वर्षांत चिबड जमीन उसाखाली येते. खर्च तो करणार, जमीन अम्मींच्या नावावर राहणार, उत्पन्न निम्मे निम्मे. प्रामाणिक बोलणे होते. आमच्या घरात दोन तट पडले. मोठा मुलगा बारावीला, फीचा आकडा मोठा, आणि दोन एकर ऊस म्हणजे ऊस. दुसऱ्या बाजूला मुलगी, जिच्या वहीत सहा हिवाळ्यांच्या पक्ष्यांच्या नोंदी आहेत. आम्ही सातव्या वेतन आयोगातले लोक, पाखरांचे प्रेम आम्हाला परवडते, असे मामूंचा मुलगा हसत म्हणाला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते.

पण एक गोष्ट त्याने मोजली नव्हती. पाइपमधून निघालेला क्षार कुठे जाईल? नाल्यात. नाल्याखाली आणखी तीन घरांच्या विहिरी आहेत, त्यानंतर सीना. आमच्या नानांनी जे सोसले तेच थोडे पुढे सरकले असते. त्या तीन घरांना अजून कुणी विचारलेही नव्हते.

अम्मींनी कुणाची बाजू घेतली नाही. एवढेच विचारले, "पाणी येतं त्या वाटेचं सगळे बोलता. जातं कुठून?"

तेव्हा सगळे जाऊन पाहून आलो. चिबडीच्या खालच्या टोकाला बांधाखालून एक जुनी सिमेंटची नळी नाल्यात निघते. नानांनीच कधीतरी घातलेली. ती गाळाने आणि मुळांनी गच्च बंद होती, किती वर्षे कोण जाणे. म्हणजे आमची चिबड गेली कित्येक वर्षे छोटी कारून झाली होती. येणे होते, जाणे नव्हते.

मग प्रश्न असा उरला की नळी उघडली तर खालच्या तीन विहिरींचे काय. उन्हाळ्यात, पाणी थोडे आणि खारट असताना उघडली तर तोच अन्याय. भर पावसाळ्यात उघडली, नाला दुथडी असताना, तर क्षार पातळ होऊन निघून जाईल. मुलीने ते वहीत लिहून ठेवले: जुलै ते सप्टेंबर उघडी, पुढे बंद.

ते अमलात येण्याआधीच २०२५ चा सप्टेंबर आला. सीनेला जो पूर आला त्याने परंडा-भूम भागात काय केले ते सगळ्यांनी पाहिले आहे. माणसे छपरांवर, जनावरे वाहून गेलेली, उभी सोयाबीन चिखलात, माती खरडून मुरूम उघडा पडलेला. मामूंच्या वरच्या शेतातली माती गेली. त्या पावसात चिबडीचे कुणाला भान असणार? आम्ही फोन करत होतो तो माणसांसाठी. अल्लाहच्या कृपेने घरातले सगळे सुखरूप होते. पूर ओसरल्यावर गेलो तेव्हा मदतीचे धान्य आणि चादरी घेऊन गेलो, तळ्याकडे फिरकलोही नाही.

यंदाच्या जानेवारीतल्या रविवारी मात्र गेलो. पाणकणीस अर्धे आडवे झाले होते, त्यावर गाळ बसला होता आणि मधला भाग पुन्हा उघडा झाला होता. पाणी नितळ नव्हते, पण वास गेला होता. पुराने बांधाचा कोपरा तोडून स्वतःच वाट काढली होती, नानांच्या नळीच्या शेजारी. मुमानींनी त्या दिवशी दुपारची डाळ नानींच्या विहिरीच्या पाण्यात शिजवली होती, आणि जेवण संपेपर्यंत सांगितले नाही.

पूर एकदा येऊन धुऊन गेला, तो दरवर्षी येणार नाही, आणि येऊही नये. म्हणून दुपारी मामूंचा मुलगा आणि आम्ही बसून ठरवले ते फार मोठे नाही. तुटलेल्या कोपऱ्यात नवी नळी घालायची, तिला झाकण. पावसाळ्यात उघडायचे, खालच्या तीन घरांना आधी सांगून. वरच्या अंगाचे अर्धा एकर, जिथे फक्त ओल आहे, तिथे गवत लावायचे, म्हणजे खताचे पाणी तळ्यात येण्याआधी त्यात मुरेल आणि मुमानींच्या दोन म्हशींना चारा होईल. पाणकणीस दरवर्षी निम्मे कापायचे, घरटी बसण्याआधी. उरलेल्या दीड एकराला कालव्याचे एखादे आवर्तन, सगळ्यांच्या पाळ्या झाल्यावर, मागता येते का ते पाहायचे. मागायचे कुठल्या नावाने, पीक म्हणून की पाखरे म्हणून, यावर बराच वेळ गेला. पाणीपट्टीच्या अर्जात पिकाचा रकाना असतो. मामूंचा मुलगा म्हणाला, "गवत लिहू. खोटं नाही."

ऊस नाही, यावर तो अजून पूर्ण राजी नाही. मुलाच्या फीचा प्रश्नही जागेवरच आहे. त्यासाठी आम्ही पतसंस्थेत विचारले आहे. अम्मींनी सही कशावरच केलेली नाही. त्या म्हणतात, कागद पावसाळ्यानंतर, आधी नळी.

असरनंतर मामूंनी स्वतः फावडे घेऊन तुटलेल्या कोपऱ्यातला गाळ ओढला. वय सत्तरच्या पुढे, कुणाला हात लावू देईनात. पाणी थांबून थांबून सरकू लागले, आधी बोटभर, मग हातभर. मुलगी बांधावर बसून मोजत होती: शेकाट्ये एकोणतीस, थापटे अकरा, वारकरी मोजता येत नाहीत. मग्रिबच्या आधी निघायचे होते, बार्शीला मशिदीत थांबायचे ठरले होते. गाडीत बसताना मुमानींनी पाण्याची बाटली भरून दिली, विहिरीची. अम्मींनी घाट चढेपर्यंत ती मांडीवर धरून ठेवली होती.